टुकरीखालचं नाव

धनश्रीचा फोन आला तेव्हा मी अकरावीचे पेपर तपासत होते. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

“रोहिणीताई, पाटी कोरायला द्यायचीय. नाव काय टाकायचं?”

“साखराबाई राठोड,” मी म्हणाले.

“गाव, तालुका?”

“नको. तेवढंच.”

बीडला नवी प्रशासकीय इमारत उभी राहिली होती आणि एक मे रोजी तिचं उद्घाटन होतं. धनश्री पुण्याची, इमारतीच्या आतल्या सजावटीचं काम तिच्याकडे होतं. तळमजल्यावर लोकांना बसायला मोठा हॉल आहे. खाली गुळगुळीत फरशी, समोर काच, त्यामुळे कुणी खोकलं तरी आवाज घुमतो. आवाज शोषून घेणारे जाड फलक भिंतींना लावायचे ठरले होते. त्यांच्यावर जिल्ह्यातल्याच बायकांच्या भरतकामाचे नमुने मोठे करून छापावेत, ही कल्पना तिची. त्यासाठी ती तांड्यातांड्यांवर हिंडली होती. आमच्या कॉलेजात आली तेव्हा कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं. मी लमाण आहे हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. कलेचा विषय निघाला की ते त्यांना आठवतं.

मी तिला माझी टुकरी दाखवली. टुकरी म्हणजे आमच्या बायकांची डोक्यावरची ओढणी. कपाळावर येणारी तिची पट्टी आरशांनी आणि टाक्यांनी इतकी भरलेली असते की ती कापडासारखी वाकत नाही, पुठ्ठ्यासारखी उभी राहते. लग्नात फेऱ्यांपुरती मी ती डोक्यावर घेतली होती. बाकी सगळं लग्न साडीत झालं, आणि टुकरी याडीच्या पत्र्याच्या पेटीत गेली. याडी म्हणजे आई. शेवटचं वर्षभर ती डायलिसिसच्या फेऱ्या करत होती, आणि पोळ्याच्या आधी गेली. पेटी माझ्याकडे आली. कितीतरी दिवस मी ती उघडली नव्हती. धनश्री आली म्हणून उघडली.

याडीचं नाव कुठं नीट लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. याडी आणि बा ऊस तोडायला जात. मुकादमाकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या कोयत्याला नाव नवऱ्याचं असतं. माझ्या शाळेच्या कागदांवर तिच्या जागी कुणीतरी ‘सखूबाई’ लिहून ठेवलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. दवाखान्यात तिला नंबर होता. एका भिंतीवर तिचं नाव बरोबर लिहिलेलं असावं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते वाचावं, एवढंच मला हवं होतं. माणूस गेल्यावर करायचं काही उरत नाही. मग असं एखादं काम मिळालं की ते सोडवत नाही.

दहा-बारा दिवसांनी धनश्रीनं फोटो पाठवला. अख्ख्या भिंतीवर टुकरी. आमच्या पेटीतली वीत-दीड वितीची पट्टी तिथं खोलीएवढी झाली होती. एकेक टाका काठीएवढा दिसत होता. खाली पितळी पाटी होती: ‘मूळ कलाकार : साखराबाई राठोड’. मी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि मग उरलेले पेपर तपासायला घेतले.

रविवारी मी तांड्यावर गेले. उद्घाटनाला काकीला आणि चार बायकांना न्यायचं माझ्या मनात होतं. चौसाळ्यापर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी, आणि मग डोंगराच्या कडेनं चालत. ऊसतोडीहून माणसं परतली होती. काकीच्या दारातल्या लिंबाखाली पाच-सहा जणी बसल्या होत्या. काकी म्हणजे भिवराबाई, माझ्या चुलत्याची बायको. याडी आणि ती एकाच चुलीवर नांदल्या, एकाच चुलीवर भांडल्या. आम्ही आपसात गोरबोली बोलतो. इथं ते बोलणं मराठीत लिहिते आहे.

“कावून आलीस गं एवढ्या उन्हाची?” काकी म्हणाली. “फोन कशाला घेतलाय मग?”

“तुला न्यायला यायचंय एक तारखेला, ते सांगायला आले. हे बघ.”

फोन हातोहात फिरला.

“अगं बया, केवढी केली ही!”

“आरसे चमकंना झालेत.”

“छापलेले आरसे कुठून चमकतील, येडे? तुझं तोंड दिसंल का त्यात?”

“न्हाई दिसलं तेच बरं.”

सुंदरबाई सगळ्यांत म्हातारी. तिनं फोन डोळ्यांपाशी धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला, आणि ती हसायलाच लागली. “भिवरे, अगं हे तर तुझंच हाय की! बीडला गेलीस न् भिंतीला टेकून बसलीस. आमाला सांगितलं बी न्हाईस.”

“आता सायबाच्या डोक्यावर टुकरी,” दुसरी म्हणाली. “सासऱ्यापुढं पदर घेईल का बघ.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण ही थट्टाच आहे असं मला वाटलं. “काकीची नाही, याडीची आहे,” मी म्हणाले. “खाली नाव पण आहे.” मी फोटो मोठा करून वाचून दाखवलं.

हसणं थांबलं. काकीनं पदरानं तोंड पुसलं. “चहा टाका गं कुणीतरी,” ती म्हणाली.

“साखरानं भरली?” सुंदरबाई म्हणाली. “सोताच्या लेकीची?”

“गप बैस, सुंदरे.”

“मी काय म्हणलं? लिवलंय म्हणती ती. आपल्यात असं कुणी करत न्हाई, एवढंच म्हणलं.”

चहा आला, तो सगळ्यांनी गडबडीनं घेतला आणि एकेक जण कामाचं निमित्त करून उठली. सुंदरबाई शेवटी उठली आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तेव्हा मला कळलं की काहीतरी खरंच चुकलंय.

“सांग,” मी काकीला म्हणाले.

“काय सांगू? आई लेकीच्या टुकरीला टाका घालीत न्हाई.”

“का?”

“आईनं भरली तर आईनंच घालवली असं हुतं. पोरीला घर म्हणतं, जा. तांडा म्हणतो, जा. आईनं म्हणायचं नसतं.” ती जमिनीवरची लिंबाची पानं गोळा करायला लागली. “तुझी मी भरली. दोन हंगामांच्या मधल्या उन्हाळ्यात. कड सुंदरीनं धरली.”

“आणि याडी?”

“समोर बसायची. सुईत दोरा ओवून द्यायची, तेवढं चालतं. समद्याला भाकरी घालायची. आन् बोलायची लई! इथं आरसा वाकडा बसला, तिथं लाल जास्ती झालं. एक डाव मी म्हणलं, घे बाई, तूच भर मग. तर दोऱ्याचं रीळ आदळून उठून गेली. सांजंपर्यंत फुगून बसली हुती.”

याडी रीळ आदळताना मला स्पष्ट दिसली. तांड्यात टुकऱ्या भरल्या जात तेव्हा मी आश्रमशाळेत असे, नंतर बीडच्या वसतिगृहात. तिथं मी पुष्कळ वाचलं. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांच्या चालीरीती मला माहीत झाल्या. ही झाली नाही. पेटी याडीची, म्हणून पेटीतलं काम याडीचं, असं मी धरून चालले होते.

“नाव राहू दे तिचंच,” काकी म्हणाली. “मला काय करायचंय भिंतीवर बसून? गेलेल्या माणसाचं लिवलेलं नाव पुसू नये.”

“याडीनं कुणाची भरली मग?”

“माझ्या करिष्माची. एकच भरली तिनं पुरी. तिला सवड कुठं हुती.”

परतताना रस्त्यावरूनच मी धनश्रीला फोन लावला. टुकरी बदलायची असली तर फलक पुन्हा छापून होईल का, असं विचारलं.

“ताई, काही घोळ झालाय का?”

“माझ्याकडून झालाय. ही टुकरी आईच्या हातची नाही. जी आहे ती मी आणून देते.”

“दोन-तीन दिवसांत मिळाली तर स्कॅन करते. लावायची माणसं अजून इथंच आहेत. पण पुढे नाही हं जमणार. मग जे आहे ते आहे.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आष्टीच्या गाडीत बसले. काकीची ही लेक आष्टीच्या बाजूला एका वस्तीवर दिलेली आहे. खिडकीतून आत येणारी हवा गरम होती आणि शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मी तिला हलवलं नाही. मला करिष्माचं लग्न आठवत होतं, पण तिच्या डोक्यावरची टुकरी आठवत नव्हती. मी तेव्हा कुठल्यातरी परीक्षेच्या घाईत होते. लाल होती का, पिवळी जास्त होती का, काही आठवेना. याडीचा टाका कसा असेल, आखूड की लांब, हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातची भाकरी मी हजार भाकऱ्यांतून ओळखली असती.

करिष्मा दारातच ज्वारी निवडत होती. हंगामातून आलेल्या माणसाचा रंग जसा असतो तसा तिचा रंग झाला होता, आणि हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून होते.

“ताई! तू आन् आष्टीला? रस्ता चुकलीस का?”

“तुलाच बघायला आले.”

“बघ मग. काय उरलंय ते बघ.” ती हसली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. थोडं इकडचं-तिकडचं झालं. याडीच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिनं विचारलं. ती तेव्हा येऊ शकली नव्हती. मग मी टुकरीचं विचारलं. तुझ्याकडे असेल तर चार दिवस दे, मी स्वतः परत आणून देते, असं म्हणाले.

ती सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली.

“ती न्हाई आता.”

“विकली?”

“न्हाई गं. घरी ठेवली तर उंदरं खातेत म्हणून तोडीला संगं नेलती. पाचटाच्या कोपीत ऱ्हायचो, तिथंच हुती, गाठोड्यात.” तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. “मला पोरगी झालती, तुला ठावं असंल. रडलीच न्हाई ती. सकाळी तोड चालू हुती, बाकीची माणसं फडात. गुंडाळायला धड कापड न्हाई. समदं मळकं, पाचटानं भरलेलं. मग तीच घेतली.”

मला ते ठाऊक नव्हतं. ‘करिष्माचं पोर गेलं’ एवढं याडी फोनवर म्हणाली होती.

“हिकडं आल्यावर काकीला, तुझ्या याडीला, सांगितलं,” करिष्मा म्हणाली. “म्हणलं आता शिव्या देईल, एवढं डोळे फोडून भरलेली. तर गपच बसली. मग म्हणली, लेकीलाच दिलीस, दुसऱ्या कुणाला न्हाई दिलीस. आन् तिनंच सासूला सांगितलं, पोरीला काही बोलू नका म्हणून.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “तुला कशाला पायजे हुती?”

“असंच. बघायची होती.”

“लई बारीक काम हुतं, ताई. आरसे इतके जवळ जवळ, बोट ठेवायला जागा न्हाई.” ती माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीचं, पाटीचं काही सांगितलं नाही. तिनं आग्रहानं जेवायला घातलं आणि निघताना पिशवीत ज्वारी भरून दिली. नको म्हणण्याइतका जोर माझ्यात नव्हता.

गाडीला गर्दी होती. मी पिशवी पायांत धरून उभी होते आणि मनात तेच तेच फिरत होतं. काकी म्हणते राहू दे. करिष्माला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, माझ्या आईच्या ऐवजी काकीचं, तुझ्या याडीचंच, राहू दे. धनश्रीला तर पाटी न बदलणंच सोयीचं. एका कापडाखाली चुकीचं नाव राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्या हॉलमध्ये बसणाऱ्या शंभरातल्या नव्याण्णवांना ते कळणारही नव्हतं.

पण ज्यांना कळेल त्या आमच्याच बायका असतील. सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी, निराधारांच्या पगारासाठी तांड्यातांड्यांवरून त्या तिथं येणार, भिंतीकडे बघणार. कुणाची तरी शिकलेली नात पाटी वाचून दाखवणार. मग त्या सुंदरबाईसारख्याच म्हणणार: साखरानं भरली? सोताच्या लेकीची? माझ्या याडीनं रीळ आदळलं होतं, सुई घेतली नव्हती. हात शिवशिवत असताना एक अख्खा उन्हाळा ती समोर बसून राहिली, कारण तिला मला ‘जा’ म्हणायचं नव्हतं. आणि मी पितळेत कोरून ठेवत होते की ती म्हणाली.

स्टँडवर उतरल्यावर मी फोन केला.

“टुकरी तीच राहू द्या,” मी म्हणाले. “काम माझ्या काकीचं आहे, नाव बदला. भिवराबाई राठोड.”

“पण ताई, त्यांची काही हरकत आहे का? नसेल तर मग तुमच्या आईंचं राहिलं तरी...”

“हरकत माझी आहे.” मग तिला वाईट वाटू नये म्हणून मी थोडक्यात कारण सांगितलं. स्टँडवर नगरच्या गाडीची घोषणा चालू होती; तिला किती ऐकू गेलं कोण जाणे.

“ठीक आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “नवी पितळी पाटी मात्र एक तारखेपर्यंत होणार नाही. वरून स्टिकर लावला तर चालेल?”

“चालेल.”

“ताई, एक विचारू? आईंचं दुसरं काही आहे का? एखादी पिशवी, उशी? छोटं का असेना. दुसऱ्या मजल्यावर एक जागा आहे.”

“नाही,” मी म्हणाले. “काही नाही.”

उद्घाटनाला मी गेले नाही. काकीच्या भावाकडं लग्न होतं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात पाहुण्यांच्या फेट्यांमागं टुकरीचा एक कोपरा दिसत होता.

मेच्या शेवटी काकीला हयातीचा दाखला द्यायला त्याच इमारतीत यावं लागलं. माणूस जिवंत आहे हे दरवर्षी दाखवलं नाही तर निराधारांचा पगार बंद होतो. मी तिला स्टँडवरून घेतलं. हॉलमध्ये खुर्च्या भरलेल्या होत्या, नंबर पुकारले जात होते, आणि फलकांचा उपयोग झाला होता. एवढी माणसं असून गलका नव्हता. काकीनं भिंतीकडे मान वर करून पाहिलं.

“लाल असा न्हाई हा,” ती म्हणाली. “हा विटंचा रंग झाला.” नंतर थोड्या वेळानं, “काय लिवलंय खाली?”

“भिवराबाई राठोड.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “तुला सांगितलं हुतं मी.”

“हो.”

“आता लोक म्हणतील, साखरा गेली न् भिवरीनं भिंत धरली.”

“म्हणू देत.”

“तुला काय जातंय. तांड्यात मला ऱ्हायचंय.” पण तिनं पदर सारखा केला आणि पाठ खुर्चीला लावून ताठ बसली. मी बाजूला बसले. मला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं. गेले कित्येक महिने मला तेवढंच वाटतं.

आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. आमच्यातलीच, पण दुसऱ्या बाजूच्या तांड्यावरची असावी. बोलीत थोडा फरक होता. ती मघापासून भिंत बघत होती. पाटीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मागं वळून तिनं काकीला विचारलं, “ही कुणाच्या लेकीची गं?”

काकीनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. “ही बसलीय ना, हिची. साखराबाईच्या लेकीची.”

“कोणती साखराबाई?”

“आमची. चौसाळ्याच्या वरच्या तांड्यातली. पोळ्याच्या टायमाला वारली.”

“आजारी हुती?”

“लई भोगलं. पण बाई कशी हुती म्हणशील...” काकी पुढं सरकली. म्हातारीनं खुर्ची वळवून घेतली. आवाज शोषून घेणाऱ्या त्या हॉलमध्ये काकीचं बोलणं मला नीट ऐकू येईना, म्हणून मीही पुढं वाकले. याडीनं एकदा फडात मुकादमाला कोयता दाखवून कसं गप्प केलं ते ती सांगत होती. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीवरून काकीचा नंबर पुकारला. तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. दुसऱ्यांदा पुकारला. मी उठले, रांगेतून वाट काढत खिडकीशी गेले आणि आतल्या माणसाला म्हणाले, “आलेल्या आहेत त्या. जरा बोलताहेत. पुढचा नंबर घ्या.”